आई गाडीत फार बोलते

बोरी बुद्रुक
२७ ऑक्टोबर १९९८

ती. सौ. ताईस,
रामनाथचा सा. न. वि. वि.

पाडव्याला गाडी घरी आली हे फोनवर सांगितलंच होतं. पण आळेफाट्याच्या दुकानात फोनवर बोलायला लागलो की पिकांची औषधं, खतं घ्यायला आलेली गिऱ्हाइकं कान देऊन उभी राहतात. गाडीबद्दल चार वाक्यं जास्त बोललो तर फुशारकी मारतोय असं त्यांना वाटायचं. म्हणून पत्रच लिहितो.

पांढरी मारुती घेतली. आपल्याकडच्या धुळीत पांढरी कशाला, असं तुझ्या भावजयीचं, वृषालीचं म्हणणं होतं, पण आबा म्हणाले पांढरी लांबून दिसते. बत्तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसापुढे रंगावरून कोण वाद घालणार? आळेफाट्यापर्यंत एजंटाच्या माणसाने गाडी आणून दिली आणि तिथून बोरीपर्यंत आबांनी. मी शिकतोय, पण अजून ट्रक दिसला की मला घाम फुटतो. दुकानाला मोटारसायकलवरच जातो, त्यामुळे दिवसभर गाडी आबांच्याच ताब्यात असते.

त्यांच्या तक्रारी ऐकशील तर हसशील. सीट फार खाली आहे, पाटावर बसून गाडी हाकल्यासारखं वाटतं, म्हणून खाली उशी घेतात. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं, यात कसलं चालवणं, म्हणतात. गावातले लोक बसताना दार एसटीचं असल्यासारखं आपटतात, तेव्हा माझ्या काळजात धस्स होतं. सीटवरचं प्लॅस्टिक मी अजून काढू दिलेलं नाही. दुपारी त्याला पाठ चिकटते आणि उठताना चर्रकन आवाज होतो, यावरून वृषालीशी रोज वाजतं.

खरी गंमत आईची. आबांसमोर कधी दोन वाक्यं सलग न बोलणारी आपली आई गाडीत बसली की थांबतच नाही. अहो, उजवीकडून सायकल आली. अहो, डाव्या हाताला शेरडं आहेत. अहो, लाल लुगड्याची बाई मधोमध चालली आहे. मी आणि वृषाली मागे तोंडाला रुमाल लावून बसतो. आणि आबा चक्क ऐकून घेतात, एक शब्द बोलत नाहीत.

शेजारचा कुंडलिकदादा आला, गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवरून हात फिरवला आणि चहा न घेता गेला. सख्खा चुलतभाऊ, पण मला ते खटकलं. त्याच्या इंद्रायणीचं लग्न तेरा डिसेंबरला ओतूरच्या कार्यालयात आहे. नवरी आपल्याच गाडीतून जाणार आणि गाडी मी चालवणार, असा शब्द आबांनी देऊन टाकला आहे.

ताई, तुला म्हणून सांगतो, गाडी आल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. दुकानात बसलो की वाटतं आता कुणी तरी दगड मारला असेल, कोंबडं वर चढलं असेल. दोनदा दुकान गड्यावर सोडून उगाच घरी येऊन बघून गेलो. इतकी वर्षं गाडी नव्हती तर बरा झोपत होतो.

दाजींना नमस्कार. गाडीवाला झाला म्हणून भावाला परका करू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
रामनाथ


घोडेगाव
६ नोव्हेंबर १९९८

चि. रामनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, रामनाथने गाडी नाही, सासुरवाशीण सून आणल्यासारखं झालंय, दिवसभर राखण. प्लॅस्टिक काढ बाबा. नाही तर जुनी होईपर्यंत गाडी नवीच राहील आणि तुम्ही सगळे चिकटून बसाल.

आबांचं वाचून मला जुनी गोष्ट आठवली. ते भीमाशंकरच्या गाडीवर होते तेव्हा आमच्या दारावरून जाताना दोनदा हॉर्न द्यायचे आणि सासूबाई मला म्हणायच्या, जा, तुझा बाप चालला, बघून ये. एकदा एक प्रवासी पुढे बसून त्यांना सांगायला लागला, जरा डावीकडे घ्या, जरा हळू घ्या. आबांनी गाडी बाजूला लावली, खाली उतरले आणि त्याला म्हणाले, आता तुम्ही चालवा. तेच आबा आता आईचं ऐकून घेतात म्हणजे म्हातारपण आलं म्हणायचं. आईला बोलायला चार चाकं लागली, पण बोलू दे तिला. इतक्या वर्षांचं साठलेलं असेल.

कुंडलिकचं मनावर घेऊ नकोस. त्याला आणि झुंबरवहिनींना एकदा गाडीत बसवून ओझरच्या गणपतीला नेऊन आण, म्हणजे चहाही घेईल. त्याने तुझी गाडी झिजणार नाही.

आबाआईला म्हणावं, घोडेगावचा रस्ता विसरला नसाल तर या एकदा. मुलांना गोड पापा. आमच्यावरची माया गाडीच्या डिकीत ठेवून विसरू नये.

तुझी,
ताई


बोरी बुद्रुक
२३ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

व्हायचं तेच झालं. परवा दुकानातून आलो तर गाडीच्या डाव्या बाजूला पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत लांबलचक ओरखडा. गेल्या आठवड्यात डावा आरसा मोडला होता, तेव्हा आबा म्हणाले होते की बैलाने धडक दिली असेल. मी सोडून दिलं होतं. त्याआधी डाव्या बंपरला पोचा आला होता. सगळं डावीकडेच, आणि आपली गाडी उभी असते तेव्हा तिची डावी बाजू कुंडलिकदादाच्या अंगणाकडे असते.

मला राहवलं नाही. तू सांगितलं होतंस तसं ओझरला न्यायचं राहूनच गेलं, आणि मी तसाच त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. तुला गाडी बघवत नाही तर तोंडावर सांग, खिळ्याने ओढू नकोस, असं चार माणसांत बोललो. झुंबरवहिनी लग्नाच्या शेवया करत होत्या, त्या हात तसेच ठेवून बघत राहिल्या. कुंडलिकदादा माझ्यावर धावून येईल असं वाटलं होतं. आला नाही. त्याने आधी आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि एवढंच म्हणाला, "गाडी यायच्या आदी आपन भाऊ व्हतो, रामनाथ."

आबा आपल्या फाटकाच्या दगडी खांबाला हात टेकून उभे होते. त्यांनी मला आवरलं नाही की त्याला काही विचारलं नाही. आई घरात निघून गेली.

आता दोन्ही घरांत बोलणं बंद आहे. नवरीसाठी कुंडलिकदादाने जीप ठरवली असं कानावर आलं. मला वाटलं बरंच झालं. पण आबा हट्टाला पेटले आहेत. म्हणतात, शब्द मी दिलाय, नवरी माझ्याच गाडीतून जाईल, तू चालवणार नसशील तर मी चालवीन. माझ्या बोलण्याने गोष्ट कुठल्या कुठे गेली. तरीही ताई, मी खोटं बोललो का? ओरखडा तर आहेच ना. दिवसातून चार वेळा जाऊन त्यावर बोट फिरवतो आणि दर वेळी पुन्हा राग येतो.

या वेळी आशीर्वादासोबत थोडी समजूतही पाठव.

तुझा,
रामनाथ


घोडेगाव
२ डिसेंबर १९९८

चि. रामनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकट्याने वाच. दुकानात वाचू नकोस.

रविवारी आबा आणि आई अचानक गाडी घेऊन आले. मी दारातच नाचायचं बाकी ठेवलं. जेवणं झाल्यावर आबा म्हणाले, चल, तुला डिंभ्याच्या धरणाकडे फिरवून आणतो. आई पुढे बसली, मी मागे. आईची बडबड सुरू झाली तशी मी हसायला लागले. तू लिहिलं होतंस अगदी तसंच. समोरून एसटी. डावीकडे दोन पोरी दप्तरं घेऊन. आता वळण. मी आईची नक्कलही केली.

निघताना मी शेंगदाण्याचे लाडू बांधून घेतले होते. त्यातला एक आईच्या हातात दिला. तिने नको नको म्हणत तोंडात टाकला, तेवढा वेळ गप्प झाली, आणि डावीकडच्या झाडीतून एक म्हैस सरळ रस्त्यावर आली. आबांच्या चेहऱ्यावर काही नाही, पाय हलला नाही. मी जोरात ओरडले तेव्हा ब्रेक लागला. म्हैस आमच्या दिव्याला अंग घासून निघून गेली. आबा म्हणाले, "बघितली व्हती मी." मी आईकडे बघितलं. तिच्या तोंडात अजून लाडू होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग मी मागे बसून नीट बघायला लागले. आई बोलायची, मग आबांचा पाय हलायचा. आई बोलायची, मग स्टिअरिंग वळायचं. एकदाही उलटं झालं नाही. रामनाथ, आई बडबड करत नव्हती रे. ती त्यांना रस्ता दाखवत होती.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात तिला धरलं. दोन वर्षं झाली म्हणाली. नारायणगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आहे. समोरचं लांबचंही दिसतं, नळीतून बघावं तसं. म्हणून पेपर वाचतात, लांबच्या गाडीचा नंबर वाचतात, आणि आपल्याला कुणालाच शंका आली नाही. कडेचं सगळं गेलं आहे. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं औषधाने टिकेल. ती बाटली शिकेकाईच्या डब्यात असते. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून कुणाला न सांगण्याची शपथ घातली होती, ती तिने माझ्यापुढे मोडली आणि रडली.

मी चिडले. म्हटलं, असं असताना गाडी का घेऊ दिलीस? तर म्हणाली, ते म्हणाले बत्तीस वर्षं लोकांच्या बायका देवाला नेल्या, तुला कधी नेलं नाही, नजर हाय तवर नेतो. आणि मग म्हणाली, "त्यांनी लोकांला सांबाळून न्हेलं, आता मी त्यांला न्हेते. चुकलं का माजं?"

आता तुझ्या ओरखड्याचं. रस्त्यावर आई शेजारी असते. पण बोरीला पोचल्यावर फाटक उघडायला ती खाली उतरते. तेवढ्या दहा पावलांना आबांना सांगणारं कुणी नसतं. तो खांब जाऊन बघ.

चार वाजता ते परत निघाले. मी चावी लपवायला हवी होती, आडवं पडायला हवं होतं. काही केलं नाही. आबांनी आपली टोपी सारखी केली, आईने डॅशबोर्डवर दोन टिचक्या मारल्या, त्यांच्या कंडक्टरची डबल बेल असायची तशा, आणि ते गेले. शेजारच्यांच्या फोनजवळ मी अडीच तास उभी होते. बूथवरून वृषालीने पोचल्याचं कळवलं तेव्हा खाली बसले. तेव्हाच तुला बूथवर बोलावून सगळं सांगणार होते, पण दुसऱ्याच्या घरात उभं राहून, आपल्या बापाला दिसत नाही, हे तोंडातून निघेना.

तेरा तारखेला ते नवरीला घेऊन निघाले तर? आई मागे बसली, वाजंत्रीत तिचा आवाज ऐकू गेला नाही तर? चावी तू घे. कसं ते तू बघ. आणि कुंडलिकच्या दारात पुन्हा एकदा जाऊन उभा राहा.

रागावून लिहीत नाही, भिऊन लिहिते आहे. सांभाळून राहा आणि सांभाळून घे.

तुझी,
ताई


बोरी बुद्रुक
७ डिसेंबर १९९८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

खांब बघितला. गुडघ्यापासून कमरेच्या उंचीपर्यंत पांढऱ्या रंगाचे पट्टे आहेत. एक नाही, तीन. महिनाभर त्याच फाटकातून येतोय जातोय आणि मी कुंडलिकदादाच्या हातात खिळा शोधत होतो.

सर्व्हिसिंगला द्यायची आहे असं खोटं सांगून चावी दुकानात आणून ठेवली. आबांनी कुठली सर्व्हिसिंग हेही विचारलं नाही. त्याच दिवशी घरी आलो तर ते गाडीत बसलेले, काचा वर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी तर कुलूप लावून गेलो होतो. मग आठवलं, दुसरी चावी त्यांच्याकडे आहे. ती मागायची हिंमत मला होत नाही. ताई, त्यांनी मला सायकल शिकवली, मोटारसायकल शिकवली, त्यांच्या खिशात मी हात कसा घालू?

आई माझ्याकडे बघत नाही. तू मला कळवलंस हे तिला कळलं आहे. कुंडलिकदादाकडे तीनदा निघालो आणि तीनदा फाटकातून परत आलो. माफी मागायची तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की अख्ख्या गावाला आबांचं कळणार. गप्प बसलो तर तो चोर ठरतो. मांडव पडला आहे, पाहुणे यायला लागले आहेत. दुकानात वजनं चुकतात, गिऱ्हाईक काय मागतं ते दोनदा विचारावं लागतं. रोज संध्याकाळी फाटकात शिरेपर्यंत गाडी जागेवर असेल का याचीच धास्ती.

तू येशील तेव्हा येशील, पण लवकर ये. इथे मोठं माणूस हवं आहे.

तुझा,
रामनाथ


बोरी बुद्रुक
१६ डिसेंबर १९९८

चि. सौ. वैजयंतीस,
सावळेरामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

लग्नाला आलीस, पण वऱ्हाडाच्या गडबडीत बोलणं झालं नाही. तू माझ्याकडे बघायचं टाळत होतीस आणि मी तुझ्याकडे. म्हणून लिहितो. ओळी तिरक्या गेल्या तर समजून घे. समोरचं अक्षर दिसतं, कडेची ओळ दिसत नाही.

तुझं रामनाथला आलेलं पत्र मी वाचलेलं नाही. पण त्याने चावी दुकानात नेली त्या दिवशी समजलो की तू लिहिलंस. राग आला. दुसरी चावी माझ्या बंडीच्या खिशात होती. दोन दिवस गाडीत जाऊन बसलो. गाडी चालू केली नाही. समोर फाटक दिसत होतं, खांब दिसत नव्हता. मान वळवली की दिसायचा. इतके दिवस मी मान वळवली नाही, कारण ड्रायव्हरने सारखी मान वळवली की त्याला कमी दिसतं हे बघणाऱ्याला ओळखू येतं.

बारा तारखेला हळदीच्या सकाळी मी कुंडलिकाच्या मांडवात गेलो. पाहुणे बसले होते. म्हटलं, उभ्यानेच बोलतो. मी म्हणालो, "कुंडलिका, त्यो वरखडा माजा हाय. मला कडंचं दिसत न्हाई. रामनाथ तुला बोलला तवा मी हितंच उभा व्हतो आन् गप ऱ्हायलो." कुंडलिकाने मला हाताला धरून बाजेवर बसवलं, चहा मागवला आणि पाहुण्यांना नाश्त्याला पिटाळलं.

मग हळू आवाजात म्हणाला की त्याला ते ठाऊक होतं. आपल्या गाडीला खांब लागताना त्याने स्वतःच्या ओट्यावरून दोनदा पाहिलं होतं. मला खरं वाटेना. विचारलं, मग रामनाथ तुला चोर म्हणत होता तेव्हा तू का बोलला नाहीस? तर म्हणाला, "आबा, तुमचं नाव ड्रायवर म्हून हाय पंचक्रोशीत. माजं काय, भांडखोर म्हून हायेच. त्यात आनिक येक." वैजू, बत्तीस वर्षांत माझ्या गाडीखाली माणूस आला नाही, एसटीने मला त्याचा बिल्ला दिला. तो बिल्ला मी कोणत्या तोंडाने लावत होतो याची त्या बाजेवर बसून लाज वाटली. लहान आहे तो माझ्याहून, पण मी त्याच्यापुढे हात जोडले.

मी घरी येईपर्यंत हे रामनाथच्या कानावर जाऊन तो कुंडलिकाच्या दारात गेला होता. दोघे काय बोलले विचारलं नाही. मांडवात भाताची पातेली उचलायला दोघे एकत्र होते एवढं दिसलं. जीप नको म्हणून कुंडलिकाने कळवून टाकलं. खिशातली चावी मी रामनाथला दिली.

नवरीला घेऊन जाताना त्याने गाडी बरी चालवली. गियर उशिरा टाकतो. मी बोललो नाही.

येताना पुढे रामनाथ आणि वृषाली, मागे मी आणि तुझी आई. तुझी आई गप्प. ओतूर सुटलं, तरी गप्प. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. मला ते फार लागलं. मी म्हटलं, बोल ना. ती म्हणाली, "आता काय बोलू? डायवर बदलला." मी म्हटलं, रस्त्याचं नको सांगू. बाकीचं सांग. तिने माझ्याकडे बघितलं, मी चेष्टा करतोय का म्हणून. मी करत नव्हतो.

मग आळेफाट्याच्या अलीकडे तिने सुरुवात केली. तिच्या बापाकडे एक पांढरी घोडी होती आणि ती लहानपणी तिच्यावरून पडली होती म्हणे. कपाळावरची खूण त्याचीच. बेचाळीस वर्षं ती खूण मी बघतोय. मला वाटायचं देवी आल्या होत्या त्याची असेल. कधी विचारलं नव्हतं. मी ड्युटीवर असायचो, नाही तर ड्युटीवरून येऊन झोपलेला. गाडी फाटकात आली तेव्हा ती अर्ध्यावर होती. रामनाथने फाटक उघडायला वृषालीला उतरवलं. आम्ही तसेच बसून राहिलो आणि तिने गोष्ट पुरी केली.

सीटवरचं प्लॅस्टिक रामनाथने काढलं. ओरखडा तसाच ठेवा म्हणून मी सांगितलं आहे. औषधाचे थेंब आता भिंतीतल्या देवळीत ठेवतो, सगळ्यांना दिसतील असे.

उत्तर पाठवशील ते माझ्यासाठी मोठ्या अक्षरात लिहू नकोस. नेहमीच्या अक्षरात, भरपूर लिही. तुझी आई चौथी शिकली आहे, ती वाचून दाखवेल. मला अजून वाचता येतं, पण ती वाचेल आणि मी ऐकेन.

तुझा,
आबा